तेलाचा हिशेब, धुराचा हिशेब

रायपूर शहरातील तेलीबांधा या भागाच्या नावातच तेली आहे. घाण्याचे तेल माणसाच्या पोटात जाई; आज ज्या तेलावर यंत्रे व वाहने चालतात, ते जळून हवेत जाते. तेथील तलावाच्या काठी लोक सायंकाळी फिरावयास येतात आणि शेजारच्या जी. ई. मार्गावरून वाहतूक अखंड वाहत असते. शहराजवळच उरला व सिलतरा येथे लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. अशा परिसरात उद्योगांनी जाळलेल्या तेलातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे कसे मोजतात?

प्रत्येक धुराड्याला मापक लावलेला असेल, असा आपला समज असतो. वस्तुतः राज्याच्या हिशेबात धूर मोजला जात नाही, तेल मोजले जाते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम असते. त्यात कार्बनचा अंश सुमारे ८६ टक्के, म्हणजे साधारण ७१० ग्रॅम. जळताना १२ भार कार्बनचा हवेतील ३२ भार ऑक्सिजनशी संयोग होऊन ४४ भार कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून एका लिटरमधून सुमारे २.६ किलो वायू निघतो. तेलापेक्षा त्यातून निघणारा वायू तिपटीहून जड, हे प्रथम पटत नाही. पण वाढलेले वजन हवेतून आले, हे ध्यानात घेतले की कोडे सुटते. समजा, एखाद्या भातगिरणीचे जनित्र दिवसाला १०० लिटर डिझेल जाळीत असेल, तर ३०० दिवसांत सुमारे ७८ टन वायू हवेत मिसळेल.

तेव्हा विक्रीचे आकडे हाती आले की केवळ गुणाकार उरतो, असे वाटेल. हे राज्यवार आकडे केंद्र सरकारचा पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष प्रसिद्ध करतो. परंतु खरी मेख येथेच आहे. तेल कोठे विकले गेले ते कळते. कोठे व कोणी जाळले ते कळत नाही. रायपुरात टाकी भरलेला मालट्रक ते डिझेल नागपूरच्या किंवा संबळपूरच्या वाटेवर जाळतो. शिवाय ते उद्योगाच्या नव्हे, वाहतुकीच्या खाती मांडावे लागते. लोहखाणीतल्या डंपरचे डिझेल मात्र उद्योगाच्या खाती जाते.

दरांमुळेही घोटाळा होतो. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा दर किरकोळ दराहून वेगळा व चढा झाला. मार्च २०२२ मध्ये पुन्हा तसेच घडले. दोन्ही वेळा अनेक मोठे ग्राहक रस्त्यावरच्या पंपांकडे वळले. कागदावर घाऊक विक्री घटली. यंत्रे पूर्वीसारखीच धडधडत होती. त्या आकड्यांवरून उद्योगांचे उत्सर्जन कमी झाले असे कोणी मानले, तर तो निष्कर्ष चुकेल आणि त्यावर आखलेली योजनाही.

छत्तीसगडात कोळशाचा वाटा तेलाहून कितीतरी मोठा आहे, हे खरे. भिलाईची झोतभट्टी असो वा कोरब्याचे वीजकेंद्र, मुख्य इंधन कोळसाच. मग तेलाचा एवढा काथ्याकूट कशाला? कोळसा मोजक्या मोठ्या कारखान्यांत जातो, त्याचा माग काढणे सोपे. डिझेल मात्र असंख्य लहान जनित्रांत विखुरते.

काही इंधने तर रूपही बदलून येतात. सिमेंटच्या भट्टीत जाणारा पेटकोक दिसतो कोळशासारखा, पण तो तेलशुद्धीकरणातून उरलेला पदार्थ आहे. हिशेबात तो तेलाकडेच धरावा लागतो. तेवढीच उष्णता मिळवताना डिझेलमधून ७४ किलो वायू निघत असेल, तर पेटकोकमधून सुमारे ९७ किलो निघतो. शुद्धीकरणाचा स्वतःचा धूर मात्र छत्तीसगडच्या खाती येत नाही, कारण येथे तेलशुद्धीकरण कारखाना नाही. ओडिशातील पारादीपहून नळवाहिनीने रायपुरास तयार तेल येते; ते शुद्ध करताना निघालेला वायू ओडिशाच्या खाती जमा होतो.

याउलट डांबर हाही तेलाचाच पदार्थ. पण ते जाळले जात नाही, रस्त्यावर पसरले जाते. त्यातील कार्बन बहुतांशी तेथेच राहतो. म्हणून इंधनाच्या हिशेबातून डांबर वगळतात.