दहा नंबरची प्रत्येक जर्सी सचिनची नसते

पालघरच्या शार्दूल ठाकूरने ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोत एकदिवसीय पदार्पण केलं, तेव्हा त्याच्या पाठीवर १० हा आकडा होता. चाहते खवळले, समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टर उडवली गेली, आणि पुढे क्रिकेट मंडळाने तो आकडा गाजावाजा न करता बाजूला ठेवला. जुन्या वस्तू जमवणाऱ्याने या प्रकरणातून एवढंच घ्यायचं, की भारताची निळी, दहा नंबरची, खऱ्या सामन्यात घामाने भिजलेली आणि तरीही सचिनशी काडीचाही संबंध नसलेली जर्सी अस्तित्वात आहे. उद्या ती कुणी तुमच्यासमोर ठेवली आणि ‘सामन्यात वापरलेली आहे, लिहून देतो’ म्हणाला, तर तो खोटं बोलत नसेल. फक्त कुणी वापरली, ते सांगायचं राहिलेलं असेल.

खेळाडूंच्या वापरलेल्या वस्तूंचा बाजार अमेरिकेत बेसबॉलभोवती वाढला. आपल्याकडे तो क्रिकेटभोवती वाढतो आहे. नाशिकमध्ये तर खेळाडू आणि चाहते यांच्यात फारसं अंतरही नसतं. गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. अशा सामन्यानंतर कुणाला हातमोजे मिळतात, कुणाला टोपी, कुणाला नुसती सही. मग त्या वस्तूंच्या कथा तयार होतात, आणि कथांसोबत गैरसमजही.

‘कंपनीचं ओरिजिनल आहे, म्हणजे खेळाडूचंच’

कंपनीचं असणं आणि खेळाडूच्या अंगावरचं असणं यात मोठी दरी आहे. दुकानात चाहत्यांसाठी स्वस्त प्रत मिळते. खेळाडूंसारखंच कापड आणि शिवण असलेली महागडी आवृत्तीही मिळते, आणि पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळते. त्यापुढे संघाने खेळाडूसाठी खास बनवलेला, पण बॅगेतून कधी बाहेरच न आलेला जोड असतो, कारण एका मालिकेला एकाच खेळाडूचे अनेक जोड जातात. सामन्यात प्रत्यक्ष घातलेली जर्सी ही सगळ्यांत शेवटची आणि सगळ्यांत थोडी. विक्रेते बहुधा तिसऱ्या प्रकारची वस्तू चौथ्या प्रकारच्या भावात विकतात. कापड तपासून हा फरक कळत नाही.

कापडावरची छपाई मात्र पुष्कळ बोलते. भारतीय संघाच्या छातीवर २०१३ च्या अखेरपर्यंत सहारा होतं, २०१४ पासून स्टार, २०१७ मध्ये ओप्पो, सप्टेंबर २०१९ मध्ये बायजूज, जुलै २०२३ ते ऑगस्ट २०२५ ड्रीम इलेव्हन. कपडे पुरवणारी कंपनी २००६ ते २०२० नाइकी, आणि जून २०२३ पासून आदिदास. या दोन याद्या जुळत नसतील तर पुढचं बोलणंच संपलं. आयसीसीच्या स्पर्धांत छातीवर देशाचं नाव असतं आणि प्रायोजक बाहीवर जातो. म्हणून २ एप्रिल २०११ च्या वानखेडेवरच्या अंतिम सामन्यातली म्हणून दाखवलेली जर्सी छातीभर ‘सहारा’ मिरवत असेल, तर ती परत घडी घालून ठेवायला सांगावी. कसोटीचा नियम त्याहून सोपा. आंतरराष्ट्रीय कसोटीत पांढऱ्या शर्टावर नाव आणि आकडा आला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. २०१३ च्या वानखेडे कसोटीत सचिनने घातलेला, पाठीवर ‘तेंडुलकर १०’ असलेला पांढरा शर्ट असूच शकत नाही.

ही तपासणी फक्त खोटं पकडते, खरं सिद्ध करत नाही. सगळं जुळलं तरी ती जर्सी दुकानातली असू शकते.

‘सोबत प्रमाणपत्र आहे’

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसच्या गावात राहणाऱ्यांना हे समजावणं सोपं जावं. नोटेला मोल येतं ते तिच्यामागे रिझर्व्ह बँक उभी असते म्हणून, छापील नक्षीमुळे नव्हे. ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ नावाचा सोनेरी किनारीचा कागद कुणीही छापतो. त्यामागे कोण उभं आहे, त्याने वस्तू कधी पाहिली, आणि सामन्याच्या वेळी तिथे कोण हजर होतं, हे विचारलं की बरेचसे कागद गप्प होतात.

बेसबॉलवाल्यांनी हा धडा चटके खाऊन घेतला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयच्या सॅन दिएगो कार्यालयाने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम उघडून बनावट सह्यांच्या टोळ्या पकडल्या. जप्त मालात चक्क मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल निघाले. कोलकात्याच्या मदर बेसबॉलवर सही कशाला करतील, हा प्रश्न गिऱ्हाइकांपैकी कुणालाच कसा पडला नसेल? सॅन दिएगो पॅड्रेस संघाचा टोनी ग्विन याला तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्याच खोट्या सह्या दिसल्या होत्या. त्यानंतर, २००१ मध्ये, मेजर लीग बेसबॉलने स्वतःची व्यवस्था उभी केली. सामना चालू असताना एक तटस्थ माणूस, बहुधा आजी किंवा माजी पोलीस, मैदानाजवळ हजर असतो. चेंडू, बॅट, जर्सी त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर आली, तरच तिच्यावर होलोग्राम लागतो. त्यावरचा क्रमांक लीगच्या नोंदीत शोधला की सामना, तारीख आणि खेळाडू समोर येतो. होलोग्राम सोलायला गेलं तर तो फाटतो. इथे वस्तूचा प्रवास पहिल्या क्षणापासून नोंदलेला असतो, नंतर कुणी आठवून सांगितलेला नसतो. गोल्फ क्लबच्या सीमारेषेवर असा कुणी उभा नसतो, म्हणून आपल्याला इतर पुरावे शोधावे लागतात.

छायाचित्राचा पुरावा

सध्या सगळ्यांत वजनदार पुरावा छायाचित्राचा. सामन्यातला स्पष्ट फोटो आणि हातातली वस्तू शेजारी ठेवून दुसऱ्या कशातही सापडणार नाही अशी खूण जुळवायची: अक्षराची वाकडी शिवण, रफू, पट्ट्याची शिवणीशी झालेली गाठ. बेसबॉलपटू बेब रूथने १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोत घातलेली जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली होती. पुढे जुन्या फोटोंशी तिची जुळणी झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिला २ कोटी ४१ लाख डॉलरहून अधिक मिळाले. मधल्या काळात बाजारही वर गेला हे खरं, पण शंका मिटण्याचाही त्यात वाटा होता.

क्रिकेटमध्ये या बाबतीत बॅट जर्सीपेक्षा बरी. यंत्रावर छापलेलं पॉलिस्टर एकासारखं दुसरं निघतं, पण विलोच्या फळीवरच्या उभ्या रेषा झाडाने आखलेल्या असतात. त्यांची संख्या, अंतर, मधली गाठ, कडेचा काळसर पट्टा हे सगळं दुसऱ्या बॅटवर तसंच उतरत नाही. स्टिकरवर मात्र भरवसा ठेवू नये. स्टिकर करारातल्या कंपनीचं असतं आणि बॅट अनेकदा दुसऱ्याच कारागिराने घडवलेली असते. स्टिकर बदलता येतं, रेषा बदलता येत नाहीत.

सहीबद्दल थोडक्यात सांगायचं, तर सही खरी असली म्हणजे वस्तू वापरलेली ठरत नाही. खेळाडू कोऱ्या बॅटवर शेकड्यांनी सह्या करतात. आणि वापरलेली वस्तू धुऊन, पॉलिश करून चकचकीत करणाऱ्यांना तर हात जोडावेत. चेंडूचे लाल डाग, गवताचा हिरवा ठसा, मुठीशी झिजलेलं रबर यांच्याच खुणा फोटोत शोधायच्या असतात.

‘अमुक बॅट ७२ लाखांना गेली, मग आपली दहाला तरी जाईल’

२०११ च्या अंतिम सामन्यातली धोनीची बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या एका धर्मादाय भोजनसमारंभात १ लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या सुमारे ७२ लाख रुपयांना गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांच्या मदतनिधी लिलावात कोहलीची जर्सी ४० लाखांना आणि रोहित शर्माची बॅट २४ लाखांना गेली. जानेवारी २०२० मध्ये शेन वॉर्नची हिरवी टोपी वणवाग्रस्तांसाठी १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलरना विकली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द ब्रॅडमनच्या पदार्पणाच्या टोपीला साडेचार लाख मिळाले. वॉर्न ब्रॅडमनच्या दुप्पट मोठा, असा याचा अर्थ नव्हे. मदतनिधीच्या लिलावात बोली लावणारा वस्तूसोबत पुण्य आणि प्रसिद्धीही विकत घेत असतो. तो आकडा घरच्या बॅटीचा बाजारभाव म्हणून धरणं म्हणजे आहेराच्या पाकिटावरून किराण्याचे दर काढणं.

टोप्यांच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. वॉर्नच्या पिढीने एकच टोपी कारकीर्दभर वापरली. ब्रॅडमनच्या काळात मालिकेगणिक नवी मिळायची. त्यामुळे ब्रॅडमनच्या टोपीपाशी पहिला प्रश्न ‘त्याचीच का?’ हा असला, तरी लगेच दुसरा येतो: ‘कुठल्या मालिकेतली?’

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाल्याचं उत्तम उदाहरण आपल्याच माणसाच्या घरातलं आहे. स्वतंत्र भारताचा पहिला ऑस्ट्रेलिया दौरा १९४७-४८ चा. विजय हजारेंनी ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं ठोकली ती याच दौऱ्यात. महाराष्ट्राकडून रणजी गाजवलेले रंगा सोहोनीही त्या संघात होते, आणि ब्रॅडमनने आपली त्या मालिकेतली टोपी त्यांना भेट दिली. टोपीच्या आत दोघांचीही नावं आहेत. ती तीन पिढ्या घरात बंद राहिली. घरातल्या मुलांना सोळावं लागल्यावर पाच मिनिटं बघायला मिळायची, असं लिलावाच्या वेळी सांगितलं गेलं. जानेवारी २०२६ मध्ये ती ४ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना विकली गेली. कोणी दिली, कोणाला, कधी, आणि मधल्या काळात कुठे होती, या चारही प्रश्नांची उत्तरं एका दमात मिळत होती.

त्याच मालिकेतली ब्रॅडमनची आणखी एक टोपी डिसेंबर २०२४ मध्ये बोनहॅम्स या लिलावघराने विकली. उन्हाने विटलेली आणि कडेला फाटलेली. तिचा हातोडा पडला ३ लाख ९० हजारांवर, पण खरेदीदाराने भरले ४ लाख ७९ हजार ७००. मधला फरक लिलावघराच्या शुल्काचा. बातमीत यातला कुठला आकडा छापलाय, हे पाहिल्याशिवाय दोन वस्तूंची तुलना करू नये.

घरातल्या रणजी टोपीचं काय?

आज तिचा भाव फारसा नसतो, हे विकणाऱ्याला कडू वाटलं तरी खरं आहे. पण पुरावा आजच फुकट मिळतो, दहा वर्षांनी पैसे देऊनही मिळत नाही. खेळाडू वस्तू हातात देतानाचा फोटो काढा. त्याच दिवशीचा धावफलक असलेलं स्थानिक वृत्तपत्राचं पान ठेवा. सामना, तारीख, मैदान लिहून खाली त्याची सही घ्या. सही वस्तूवर नको, कागदावर. बॅट असेल तर स्टिकर न झाकता दोन्ही बाजूंचे, उजेडातले, रेषा दिसतील असे फोटो काढा. आणि विकत घेणार असाल तर विक्रेत्याकडे आधी सामन्याची तारीख मागा. ‘बहुतेक त्या दौऱ्यातली’ असं उत्तर आलं, तर किंमत दुकानातल्या नव्या जर्सीइतकीच धरा.