जंताचं औषध आणि खुराड्याखालची ओल

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एखादी तलंग अलगद उचला आणि तिच्या छातीखाली तळहात धरा. मधल्या हाडाच्या दोन्ही अंगांना मांस भरलेलं लागलं तर चिंता नाही. हाड सुरीच्या पात्यासारखं टोचत असेल, तुरा फिका पडला असेल आणि पोटभर दाणे टिपूनही अंडी आटली असतील, तर जंतांचा संशय घ्यावा. सकाळी ताज्या विष्ठेत भाताच्या कणीएवढे पांढरे तुकडे वळवळताना दिसले, तर तो पट्टकृमी. गोल जंत मात्र सहसा कोंबडी कापल्यावरच सापडतो. आतडं चिरलं की आत शेवयांसारखे, बोटभर लांब, पिवळसर-पांढरे जंत दिसतात. अशा आतड्यात दाणा कुठे अंगी लागणार?

गोल जंताची मादी हजारो अंडी घालते आणि ती विष्ठेतून मातीत पडतात. ताज्या अंड्यापासून धोका नसतो. पण ऊब आणि ओल मिळाली की साधारण दोन आठवड्यांत त्याच्यात अळी तयार होते. कोंबडी माती उकरते, टिपते, आणि अंडं तिच्या पोटात जातं. कधी ते गांडुळातूनही जातं. अळी आधी आतड्याच्या अस्तरात शिरून बसते. मग बाहेर येऊन तिचा पुरता जंत व्हायला पाच ते आठ आठवडे लागतात. पट्टकृमीला मात्र मध्ये मुंगी किंवा भुंगेऱ्यासारखा किडा लागतो, आणि मोकळ्या कोंबडीला त्यांचा काय तोटा!

पाइपरझिन हे औषध मोठ्या गोल जंताला लुळं पाडतं आणि तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो. अस्तरात दडलेली अळी बहुधा वाचते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. अनेकजण नेमका हाच चुकवतात. पट्टकृमीवर पाइपरझिन चालत नाही. त्यासाठी अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल पशुवैद्यकांना विचारून द्यावं. लसूण-हळदीच्या भरवशावर राहू नये.

डोस वजनावर ठरतो. दोन-तीन कोंबड्या पिशवीत घालून काट्याला लावा. सरासरी दीड किलोच्या 12 कोंबड्या म्हणजे 18 किलो; हा आकडा घेऊन दवाखान्यात जा. पाण्यातून द्यायचं औषध सकाळीच द्यावं. तास-दोन तास पाणी काढून घ्या आणि मग दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात औषध मिसळा. भांडी दोन-तीन ठेवा, नाहीतर कोंबडा आणि दांडग्या कोंबड्या पिऊन घेतात आणि अशक्त तलंग कोरडीच राहते. तेवढा वेळ सगळ्यांना कोंडून ठेवा. मोकळ्या सोडल्या तर त्या मोरीच्या पाण्यावर तहान भागवून येतील. अल्बेंडाझोलचं पातळ औषध पाण्यात तळाला बसतं, म्हणून बाटली चांगली हलवून ते ओलसर भरड्यात कालवलेलं बरं.

पुढचे दोन दिवस पडणारी विष्ठा झाडून खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकलीत तर कोंबड्या तीच उकरतील. ओल्या सावलीत जंताची अंडी महिनोन् महिने टिकतात आणि फिनाईलला दाद देत नाहीत. ती मरतात कडक उन्हानं आणि कोरडेपणानं. म्हणून खुराडं दर काही दिवसांनी हलवा, खालची जमीन खरवडून तापू द्या, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा. आपल्याकडे जंताच्या औषधाची एक फेरी मेअखेर, पाऊस लागण्याआधी करावी आणि दुसरी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. तीन महिन्यांच्या आतली पिल्लं सगळ्यांत आधी खंगतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष असावं.

औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत अंडी खाऊ नका, विकूही नका. मानमोडीची लस टोचायची असेल तर जंताचं औषध आठवडाभर आधी द्या. जंतांनी खंगलेल्या कोंबडीत लस नीट लागू पडत नाही.