अक्षराचा पत्ता : जुन्या पीसीवरील सी भाषा आणि पडद्याची स्मृती

बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) अभियांत्रिकी अभ्यासक्रमात सी भाषेला आरंभापासून स्थान मिळाले. या भाषेत चलाला नाव दिले की तो स्मृतीत कोठे ठेवायचा हे सहसा कंपायलर ठरवतो. मात्र डॉसवर चालणाऱ्या जुन्या पीसीत पडद्यावरील माहितीला ही मोकळीक नव्हती, कारण चित्र उमटवणारे कार्ड स्मृतीचा ठरावीक भागच वाचत असे.

८०८६ प्रोसेसरला १ मेगाबाइट स्मृती हाताळता येई, पण त्याच्या रजिस्टरमध्ये १६ बिटच मावत. त्यामुळे पत्ता सेगमेंट आणि ऑफसेट अशा दोन अंकांत सांगावा लागे. सेगमेंटला १६ने गुणून त्यात ऑफसेट मिळवला की खरा पत्ता मिळतो. बोर्लंडच्या टर्बो सी (१९८७) कंपायलरमध्ये 'निअर' पॉइंटर केवळ ऑफसेट बाळगतो, तर 'फार' पॉइंटर दोन्ही अंक बाळगतो, आणि पडद्यापर्यंत पोहोचण्यासाठी हा दुसराच उपयोगी पडतो.

रंगीत अक्षरपडदा बी८०० या सेगमेंटपासून सुरू होतो. त्यात ८० स्तंभ व २५ ओळी असून प्रत्येक घराला अक्षराचा कोड आणि रंग असे दोन बाइट लागतात. व्हीजीए या चित्रकार्ड-प्रकाराच्या (१९८७) ३२० × २०० बिंदूंच्या, २५६ रंगांच्या चित्राचा आरंभ ए००० येथे होतो आणि ते ६४,००० बाइट व्यापते, म्हणजे ६५,५३६ बाइटांचा एक सेगमेंट जवळजवळ भरून टाकते. लहान स्मृती-प्रारूपात सर्व चल आणि स्टॅक मिळून एवढीच जागा असल्याने, पडद्याआड तयार करायच्या चित्राची प्रत तेथे ठेवता येत नाही. ती 'फारमॅलॉक' या फंक्शनने बाहेरच्या स्मृतीत मागून घ्यावी लागते.

अक्षरांचे आकार मात्र अक्षरपडद्यात नसतात. व्हीजीए ते वेगळ्या तक्त्यात ठेवते आणि प्रत्येक आकारासाठी ३२ बाइट राखते, म्हणून २५६ आकारांना ८ किलोबाइट लागतात. हा तक्ता बदलता येतो, तरी देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा यांच्या संयोगांना तो अपुरा पडतो. आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेल्या तंत्रावर आधारलेले पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड हा भार स्वतःकडे घेई, त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे अक्षरी प्रोग्रॅम भारतीय लिप्यांतही चालत.

या कार्यपद्धतीमागील इस्की ही कोडपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. तिच्यात 'क'चा कोड १७९ असून तो देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांसाठी एकच आहे. साठवलेला मजकूर तोच ठेवून केवळ आकारांचा संच बदलता येतो. निपाणीसारख्या द्विभाषिक बाजारपेठेत एकच नामावली दोन्ही लिप्यांत छापण्याची सोय या विभागणीत होती, मात्र कन्नडमधील ऱ्हस्व ए आणि ओ यांसाठी इस्कीला स्वतंत्र स्थाने राखावी लागली. युनिकोडनेही हाच वर्णक्रम स्वीकारला, म्हणून आज देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांच्या कोडांत जे ८९६चे अंतर आहे, तेच दोन्ही लिप्यांतील 'ग', 'म' आणि 'ळ' यांच्या कोडांतही आढळते.