सरकीतील गॉसिपॉल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावांत सरकीची ढेप हे दुभत्या जनावरांचे नेहमीचे खाद्य असल्याने, गायी-म्हशींना जे मानवते ते कोणालाच बाधणार नाही, असा समज सहज रुजतो. वस्तुतः सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते, जे कपाशीचे झाड किडींपासून बचावासाठी स्वतःच तयार करते. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावरांच्या पोटात त्याचा बराचसा भाग प्रथिनांशी बांधला जाऊन निष्प्रभ होतो; लहान वासरे, डुकरे आणि कोंबड्या यांना मात्र हे संरक्षण नसते.

चीनमध्ये कच्चे सरकी तेल खाणाऱ्या खेड्यांत १९५०च्या दशकात अपत्यहीनता वाढल्याचे आढळले आणि तिचे कारण असलेल्या याच द्रव्यापासून पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी करण्याचा विचार पुढे आला. १९७२पासून आठ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचण्या झाल्या.

माणसांआधी प्राण्यांवर होणारी विषारीपणाची चाचणी म्हणजे किती मात्रेने प्राणी दगावतो एवढेच पाहणे, हा दुसरा गैरसमज होय. एका मात्रेत निम्मे प्राणी मरतील असे जे प्रमाण काढले जाते, ते गॉसिपॉलच्या बाबतीत उंदरांत दर किलो वजनामागे सुमारे २,४०० मिलिग्रॅमच्या पुढे, तर डुकरांत ५५० मिलिग्रॅमच्या आसपास आढळले, म्हणजे केवळ उंदीर पाहिला असता तर द्रव्य सौम्यच ठरले असते. शिवाय उंदीर व हॅमस्टर यांत शुक्रजंतूंची निर्मिती घटते, पण सशांवर तो परिणाम जवळजवळ दिसत नाही. म्हणूनच दीर्घकाळ अल्प मात्रा देऊन निरनिराळ्या जातींचे हृदय, यकृत आणि रक्त तपासावे लागते.

तरीही माणसाबाबतचे धोके माणसातच उघड झाले. काही पुरुषांच्या रक्तातील पोटॅशियम घटून स्नायूंना दुर्बलता आली, जी उंदरांत दिसली नव्हती, आणि गोळी बंद केल्यावरही अनेकांचे शुक्रजंतू परतले नाहीत. चीनने १९८६मध्ये हे काम थांबवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही १९९८मध्ये ते सोडून देण्याची शिफारस केली.

नपुंसकत्वाची भीती मात्र यावरून बाळगणे चूक आहे, कारण शुक्रजंतू घटणे आणि लैंगिक क्षमता जाणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. शिवाय दुकानातील शुद्ध केलेल्या सरकी तेलातून क्षारप्रक्रियेने गॉसिपॉल काढून टाकलेले असते.