उजेड होता, ओळख नव्हती

काळोखात खलाशाला दिवा दिसून भागत नाही, तो कुठला हे कळावं लागतं. दीपगृहाचं मोल त्याच्या उजेडापेक्षा या ओळखीत जास्त आहे, आणि नॉर्थ रोनाल्डसेचा जुना मनोरा त्याचा दगडी पुरावा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं, त्यांच्या अगदी टोकाला हे बेट. इतकं सपाट, की त्याची उंचात उंच जागाही समुद्रापासून जेमतेम 20 मीटर. रात्री जहाजावरून ते दिसणार तरी कसं? भोवती मात्र पाण्याखाली दडलेले खडक. हिंदुस्थानातून कापड घेऊन परतणारं स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचं ‘स्वेसिया’ 1740 मध्ये इथंच फुटलं.

1786च्या कायद्यानं स्कॉटलंडसाठी पहिली चार दीपगृहं ठरली, त्यांत नॉर्थ रोनाल्डसेचं एक. अभियंता थॉमस स्मिथनं बेटाच्या डेनिस हेड या टोकावर सुमारे 21 मीटर उंच दगडी मनोरा बांधला. 1789 मध्ये तेलाच्या दिव्यांचा झुबका पेटला, दिव्यांमागं तांब्याचे चकचकीत परावर्तक. पण तो उजेड स्थिर होता, आणि नांगर टाकून उभ्या जहाजाचा कंदीलही स्थिरच असतो. दोन्हींत फरक करायचा कसा? दक्षिणेला साधारण 12 किलोमीटरवर, सँडे बेटाच्या स्टार्ट पॉइंटला, 1806 मध्ये फिरता दिवा लागला. स्कॉटलंडमधला तो पहिलाच. दुरून पाहणाऱ्याला त्याचा उजेड वाढताना आणि मावळताना दिसे, त्यामुळे घोटाळ्याला जागाच उरली नाही. तोच पुरेल असं धरून 1809 मध्ये डेनिस हेडचा दिवा कायमचा विझवला.

कुणी म्हणेल, एक दिवा वाचवून खर्च कमी केला, यात ओळखीचा प्रश्न कुठं आला? पण मग मनोरा पाडला का नाही? वरचा दिव्याचा भाग काढून तिथं भला मोठा दगडी गोळा बसवला, म्हणजे दिवसा तरी ही जागा ओळखता यावी. दिव्याशिवायही मनोरा कामाचा असतो, हे त्या माणसांना पुरतं ठाऊक होतं. चुकलं ते रात्रीच्या हिशोबात. सँडेचा दिवा सँडे कुठं आहे ते सांगे. नॉर्थ रोनाल्डसेचे खडक कुठं आहेत ते तो सांगणार कसा? जहाजं फुटत राहिली, आणि 45 वर्षांनी, 1854 मध्ये, जवळच अभियंता ॲलन स्टीव्हन्सनच्या आराखड्याचं नवं दीपगृह उभं राहिलं. विटांचं, 42 मीटरचं. ब्रिटनमध्ये जमिनीवर उभं असलेलं याहून उंच दीपगृह नाही. ही उंची दिमाखासाठी नव्हती. शेटलंडच्या मकल फ्लगा दीपगृहाला उभा कडाच लाभला, म्हणून तिथं 20 मीटरचा मनोरा पुरला. इथं जमिनीनं दिली नाही ती उंची विटांनी भरून काढावी लागली.

आता उपग्रह जागा सांगतात, मग दिवा कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. 1998 पासून इथं राखणदारही नाहीत. तरी पडद्यावरचा ठिपका बरोबर आहे का, हे ताडून पाहायला जहाजाबाहेरची, त्या यंत्राशी संबंध नसलेली एक खूण लागते. छोट्या मासेमारी नावेवर वीज गेली तर ती एवढीच उरते. म्हणूनच तो दिवा अजून दर 10 सेकंदांनी चमकतो. दिवसा लाल विटांवरचे दोन रुंद पांढरे पट्टे तेच काम करतात, आणि थोड्या अंतरावर डोक्यावर दगडी गोळा घेतलेला जुना मनोराही उभा असतो.