घर्षण कशामुळे होते?

दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकू लागले की त्या सरकण्याला विरोध करणारे बल म्हणजे घर्षण, ही व्याख्या आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेली आहे. पण हा विरोध येतो कोठून, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी 'पृष्ठभाग खडबडीत असतो म्हणून' एवढेच सांगतात. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ते कसे, हे आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच पाहावयास मिळते.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. येथील चढ ३७ स १ आहे. म्हणजे ३७ मीटर अंतरात रूळ १ मीटर वर चढतो. इंजिनाचे चाक पोलादी, रूळही पोलादी आणि दोन्ही घासून घासून चकचकीत झालेले. प्रत्येक चाक रुळाला टेकते तेही एखाद्या लहान नाण्याएवढ्या जागेत. घर्षण केवळ खडबडीतपणामुळे असते, तर गाडी जागेवरच चाके फिरवीत राहिली असती. मग ती चढते कशी?

गुळगुळीत दिसणारे पोलादही खूप मोठे करून पाहिल्यास उंचवट्यांनी आणि खळग्यांनी भरलेले असते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त काही उंचवट्यांची टोकेच खऱ्या अर्थाने टेकतात. त्या टोकांवर दोन्हीकडचे अणू इतके जवळ येतात की ते परस्परांना ओढून धरतात आणि बारीक बारीक सांधे तयार होतात. वस्तू सरकविण्यासाठी हे सांधे तोडावे लागतात. घर्षणाचे मुख्य कारण हेच. याखेरीज कठीण टोके मऊ पृष्ठभागात नांगराप्रमाणे चर पाडतात, त्यातही शक्ती खर्च होते. ही शक्ती शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून ब्रेक तापतात.

फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ यांनी १६९९ साली सांगितले होते की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते, टेकलेल्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. वीट आडवी ओढा की उभी, जोर तेवढाच लागतो. हे कोडे विसाव्या शतकाच्या मध्यास केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांच्या संशोधनाने उलगडले. वजन वाढले की टोके दबतात आणि खरे टेकणारे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढते. वरवर दिसणारे क्षेत्रफळ त्यामुळे गौण ठरते.

बँकेत नोटा मोजताना आम्ही बोट ओल्या स्पंजला लावतो, त्याचेही कारण हेच आहे. किंचित ओलाव्याने बोटाची त्वचा मऊ होते आणि नोटेला अधिक जागी टेकते. पाणी जास्त झाले तर मात्र मध्ये थर तयार होऊन बोट घसरते.

आता घाटाचा हिशेब पाहू. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढे ओढू शकते, असे धरू. म्हणजे १२० टनांच्या इंजिनाची ओढ ३० टन. इंजिनासह १००० टनांच्या गाडीला ३७ स १ चढावर केवळ चढासाठीच २७ टन ओढ लागते. पावसाळ्यात रूळ ओले व तेलकट झाले की घर्षण निम्म्यावरही येऊ शकते आणि चाके जागच्या जागी घसरू लागतात. म्हणूनच कसाऱ्याला जड गाड्यांच्या मागे बँकर इंजिने जोडण्याची प्रथा पडली. त्यांच्यामुळे रुळाला धरणाऱ्या चाकांवरील वजन वाढते, डब्यांच्या जोडावरील ताणही कमी होतो. चाकापुढे वाळू सोडण्याची सोय इंजिनावर असते ती याच कारणासाठी. वाळूचे कण ओला थर फोडतात.

घाटातील डांबरी रस्त्यालाही हेच लागू आहे. पहिल्या पावसात धूळ आणि तेल यांचा चिकट थर रस्त्यावर पसरतो आणि टायर व रस्ता यांचा खरा स्पर्श तुटतो. टायरवरील खाचा पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. त्या झिजल्या की ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी थांबत नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले दुचाकीवरून कॉलेजला वा कामावर जातात. त्यांनी टायर वेळेवर बदलावा आणि पावसात वेग कमी ठेवावा.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पाठ केलेल्या उत्तरानंतरही 'असे का?' हा प्रश्न शिल्लक असतो. तो विचारण्यात संकोच करू नये.