नाक्यावरचा क्रूस आणि आपल्या मनातली भीती

रात्रीची भांडी घासून पालथी घातली, सकाळची भाजी निवडून ठेवली, मुलं झोपली, की आपल्या मनातली भीती हळूच उठून बसते. दिवसभर तिच्याकडे बघायला आपल्याला सवड नसते. डबे, लोकल, नळाचं पाणी, सासूबाईंची औषधं यांत ती गप्प असते. दिवा मालवला की विचारते, "ह्यांची नोकरी टिकेल ना? पोरीचं नीट होईल ना? आणि मला काही झालं तर?"

मैत्रिणींनो, ही भीती मला चांगली ठाऊक आहे. दोन महिने मी तिच्याबरोबर संसार केला आहे. ती कशी आवरली, ते आज सांगते.

सुपारीएवढी गाठ

मागच्या वर्षी आंघोळ करताना छातीच्या कडेला, काखेजवळ, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून आधी दुर्लक्ष केलं. पण हात सारखा तिथेच जायचा. यांना सांगितलं नाही, आईला नाही, बहिणीलाही नाही. सांगितलं की खरं होईल, असं काहीतरी वेडं डोक्यात बसलं होतं.

डॉक्टरकडे जायचं सोडून मी बाकी सगळं केलं. सोळा सोमवार धरले. एक दिवस बाजाराचं निमित्त करून बांद्र्याला जाऊन मोत माउलीला मेणबत्तीही बोलून आले. लहानपणी आई आम्हाला सप्टेंबरातल्या जत्रेला तिथे न्यायची. मेणाचे हात, पाय, बाहुल्या विकायला मांडलेल्या असत. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं घेऊन माउलीपुढे ठेवायचं. सगळ्या धर्मांची माणसं त्या टेकडीवर जातात, तशी मीही गेले. खरं सांगू? मी देवाशी सौदा करायला गेले होते. "एवढी गाठ घालव, मी अमुक करीन." परत येताना गाडीत हात पुन्हा काखेकडे गेला, आणि भीती होती तिथेच होती.

मावशींनी पकडलं

आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला राहतो. आमच्या इमारतीच्या मागे जुनं गावठाण आहे. तिथे एक ईस्ट इंडियन मावशी राहतात. ईस्ट इंडियन म्हणजे पूर्वेकडून आलेली माणसं नव्हेत हं! वसईपासून साष्टीपर्यंतचे हे इथलेच मूळचे लोक. पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, पण घरात मराठीच बोलत राहिले. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं.

मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी एक दगडी क्रूस आहे. चुना दिलेला, त्यावर झेंडूची माळ. मे महिन्यात संध्याकाळी तिथे बायका-मुलं जमतात, मेणबत्त्या लावतात, रोझरीची प्रार्थना म्हणतात, आणि मग सगळ्यांना उकडलेले चणे वाटतात. माझी मुलं चण्यांसाठी न चुकता हजर असतात.

त्या दिवशी मुलांना बोलवायला गेले होते. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "काय गं, वाळलीस का अशी?" आणि मला रडूच कोसळलं. जे घरच्यांना सांगितलं नव्हतं ते क्रुसाच्या पायरीवर बसून सांगून टाकलं.

मावशी लगेच काही बोलल्या नाहीत. आधी हातावर चणे ठेवले. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी दहा वाजता तयार राहा. मी येते तुझ्याबरोबर. आणि आज रात्री नवऱ्याला सांग."

मी म्हटलं, "मावशी, मला फार भीती वाटते हो."

"वाटू दे की! मला पण वाटते. भीती वाटली म्हणून दवाखान्यात जायचं नाही, असं कुणी सांगितलं?"

हे क्रूस आले कुठून?

त्या संध्याकाळी मावशींनी मला त्या क्रुसाची गोष्ट सांगितली. पुढे मी थोडं वाचलंही. बांद्रा, पार्ले, अंधेरी, कुर्ला इथल्या गावठाणांत असे कितीतरी क्रूस आहेत. काही फार जुने, पण पुष्कळसे १८९६ नंतरच्या प्लेगच्या दिवसांतले आहेत. लोक त्यांना प्लेगचे क्रूसच म्हणतात.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगश यांनी प्लेग ओळखला. हे डॉक्टर गोव्याचे ख्रिस्ती होते. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, येताजाता पाहिला असेल. साथ पसरली तशी लाखो माणसं शहर सोडून पळाली. सरकारने १८९७ साली साथीचा कायदा केला. घरोघर झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना उचलून नेऊ लागले. लोक प्लेगला भ्यायले त्याहून जास्त इस्पितळाला आणि शिपायांना भ्यायले. घरात कुणाला ताप आला की माणसं त्याला लपवून ठेवायची. लपवलेला रोगी बहुतेक वेळा मरायचा, आणि घरच्यांनाही धोका व्हायचा.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मी तरी दुसरं काय करत होते? मीही लपवतच होते की.

अशा दिवसांत गावठाणातल्या लोकांनी आपापल्या वेशीवर, वाडीच्या तोंडाशी क्रूस उभे केले. रोग आत येऊ नये ही भोळी आशा त्यात होतीच. क्रूस उभा केला म्हणून प्लेग थांबला, असं मी म्हणणार नाही. प्लेगवर उपाय शोधत होते ते हाफकीनसाहेब. भायखळ्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकीन संस्था त्यांच्याच नावाची.

मग क्रुसाने काय केलं? भीती माणसाला माणसापासून तोडते. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघतो, दार लावून घेतो. अशा वेळी संध्याकाळी चार माणसं एका जागी उभी राहिली, एकाच देवापुढे त्यांनी मान वाकवली, आणि आज कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाच्या घरी ताप आहे, हे एकमेकांना कळलं. मला वाटतं, हेही औषधच होतं.

साथीच्या भीतीची दुसरी खूण आमच्या मरोळजवळच आहे. सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. १५७९ साली बांधलेलं ते चर्च १८४० च्या सुमाराला साथीमुळे ओस पडलं, गाव उठून मरोळला आलं. छप्पर नाही, भिंती उभ्या आहेत. पण गाव मरोळला आलं तशी प्रार्थनाही बरोबर आली. इथे नवं चर्च झालं. घर सोडावं लागलं, श्रद्धा सोडावी लागली नाही.

देवाचं भय म्हणजे काय?

आपल्या मराठीत 'देवभीरू' असा एक सुंदर शब्द आहे. मला तो नेहमी कोड्यात टाकायचा. देव प्रेमळ, तर त्याला भ्यायचं कशाला? मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांचं नाव निघालं की आम्ही पदर सावरायचो. ते मारतील म्हणून नाही गं. मोठं माणूस होतं म्हणून. तसं ते."

बायबलात नीतिसूत्रे नावाचं एक पुस्तक आहे. ज्ञानाची सुरुवात परमेश्वराच्या भयापासून होते, असा त्याचा रोख आहे. आणि त्याच बायबलात देवदूत येतो तो पुन्हा पुन्हा भिऊ नये असंच सांगतो. मरियेला सांगतो, रानात मेंढरं राखणाऱ्यांना सांगतो, रिकाम्या कबरीपाशी आलेल्या बायकांना सांगतो. दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या? मला उमगलं ते असं. आपण शंभर गोष्टींपुढे वाकत असतो. लोक काय म्हणतील, पैसे पुरतील का, रिपोर्टात काय येईल. ज्याने एका खऱ्या मोठ्यापुढे मान वाकवली, त्याला या शंभर जणांपुढे वाकायची गरज उरत नाही. ते असतात, पण त्यांची उंची कमी होते.

आणि भीती वाटणं हे काही पाप नव्हे. पकडले जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूचा जीव कासावीस झाला होता. त्याने ते मित्रांपासून लपवलं नाही, देवापासूनही नाही. आणि नंतर तो उठून पुढे चालू लागला.

लक्ष्मीबाईंनी घागर कशी ओलांडली

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. यांनी रजा टाकली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, सुईने गाठीतला अंश काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट चार दिवसांनी मिळणार होता. ते चार दिवस काढायला मी कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. तुमच्यातल्या पुष्कळजणींनी ती वाचली असतील, हसला असाल, रडला असाल. या वेळी मला त्यात वेगळंच दिसलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली. त्या धसक्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचं वेड घेतलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. ज्या धुता येत नाहीत त्याही धुवायच्या! आपण हसतो, पण मुळात ती भीती होती. भ्याले सरकारला, आणि ती भीती शिरून बसली घरातल्या पाण्याच्या घागरीत. तीच लेकीच्या मनात उतरली.

पुढे १८९५ साली नवरा, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण आपलं पाणी वेगळं, आपली चूल वेगळी ठेवून. राहुरीला असताना एकदा त्या विचार करत बसल्या, की ही उच्चनीच देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. विचार करायला वेळ घेतला, आणि ठरल्यावर अंमल केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ज्या घरात शिवाशिवीची धास्ती होती, त्या घरातली ही मुलगी. पण तिच्या संसारात परकी, पोरकी, कुणाकुणाची मुलं वाढली. बालकवी ठोमरेसुद्धा त्यांच्या घरी राहिले. जोडाक्षरं नीट न येणाऱ्या या बाईने टिळक १९१९ साली गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं, आणि १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. देवाचा आदर मनात बसला आणि माणसांची धास्ती गेली, तेव्हा तिचे हात मोकळे झाले.

मग पुढे?

गाठ साधी निघाली. बहुतेक गाठी साध्याच असतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण ती साधी आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. तेव्हा अशी काही शंका असेल तर हा अंक मिटून आधी डॉक्टरांची वेळ घ्या.

पण गाठ साधी निघाली म्हणून मी हे लिहीत नाही. रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री मला शांत झोप लागली, म्हणून लिहिते आहे.

मावशींना विचारलं, "तुम्हाला कधी इतकी भीती वाटली होती?" तेव्हा त्यांनी सांगितलं. २०२१ साली करोनात त्यांचे यजमान अकरा दिवस दवाखान्यात होते. भेटायला बंदी. क्रुसापाशी जमायलाही बंदी. मावशी संध्याकाळी एकट्याच दाराच्या पायरीवर उभ्या राहून क्रुसाकडे तोंड करून प्रार्थना म्हणायच्या. दोन घरं सोडून दुसरी बाई तिच्या दारातून म्हणायची. समोरून तिसरी. गल्लीभर बायका, आपापल्या उंबऱ्यात.

"तेव्हा देवाकडे काय मागितलंत?" मी विचारलं.

"माणूस परत दे, हेच मागितलं की! आणखी काय मागणार? पण शेवटी म्हणायचे, तू मोठा आहेस, मी लहान आहे. आता मी डबा करायला जाते. आमच्या गल्लीत चार घरं आजारी होती ना, त्यांचा डबा माझ्याकडे होता."

मैत्रिणींनो, मी हिंदू आहे, माझे सोमवार चालूच आहेत. पण आता मी देवाशी सौदा करत नाही. भीती वाटली की एका माणसाला ती बोलून दाखवते, देवापुढे मान वाकवते, आणि समोरचं एक काम हातात घेते. मावशींकडून एवढंच शिकले.

परवा मुलांना बोलवायला क्रुसापाशी गेले, तर पायरीवर एक नवी भाडेकरीण गप्प बसलेली दिसली. चेहरा ओढलेला. मी तिच्या शेजारी बसले, आणि आधी तिच्या हातावर चणे ठेवले.